फ्रिट्झ पोलार्ड : अमेरिकन फुटबॉलमधील वर्णभेदाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
अमेरिकन फुटबॉल हा अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाशी भिडून रोखण्याचा खेळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो प्रामुख्याने विद्यापीठांचा खेळ होता. पैसे घेऊन खेळणे हलक्या प्रतीचे मानले जाई. अशा काळात व्यावसायिक क्षेत्रात उतरलेल्या फ्रिट्झ पोलार्ड (१८९४–१९८६) यांच्या कारकिर्दीच्या आधारे, या खेळातील वर्णबंदी मुळापासूनची होती की नंतर लादली गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यापीठीय पार्श्वभूमी :
पोलार्ड यांचा जन्म शिकागो येथे झाला. ब्राउन विद्यापीठाच्या संघात ते हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे खेळाडू होते. १ जानेवारी १९१६ रोजी ‘रोझ बोल’ या प्रतिष्ठेच्या सामन्यात खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. त्याच वर्षीच्या पुढील हंगामात ब्राउनने येल व हार्वर्ड या दोन्ही विद्यापीठांना नमविले आणि वॉल्टर कॅम्प यांच्या अखिल अमेरिकन संघात पोलार्ड यांची निवड झाली.

व्यावसायिक कारकीर्द :
१९१९ मध्ये ते ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या रबर उद्योगाच्या शहरातील संघात दाखल झाले. १९२० मध्ये कँटन येथे व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. तीच १९२२ पासून ‘नॅशनल फुटबॉल लीग’ म्हणून ओळखली जाते. पहिल्याच हंगामात अ‍ॅक्रनचा संघ अपराजित राहून विजेता ठरला. १९२१ मध्ये पोलार्ड यांच्याकडे खेळाडू असतानाच संघाच्या प्रशिक्षकपदाची संयुक्त जबाबदारी आली. लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होत.

मात्र हा सन्मान मैदानावरील वैरभाव थांबवू शकला नाही. खाली पाडल्यावर प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर कोसळत. म्हणून पोलार्ड पाठीवर वळून पाय हवेत झाडत आणि स्वतःचा बचाव करीत. अ‍ॅक्रनमध्ये आरंभी आपल्याला संघमालकाच्या सिगारच्या दुकानात कपडे बदलावे लागत, असे त्यांनी पुढे सांगितले.

बंद झालेले दार :
नवजात लीगला प्रेक्षक हवे होते आणि नामवंत खेळाडू प्रेक्षक आणीत. ही गरज होती तोवर दार किलकिले राहिले. १९२६ मधील २२ संघांपैकी १९२७ मध्ये १२ च उरले. पोलार्ड यांची लीगमधील कारकीर्दही १९२६ मध्येच संपली. पुढे मंदीच्या काळात, १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत, लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम मात्र कोठेही नव्हता. पोलार्ड यांनी या काळात न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे ‘ब्राउन बॉम्बर्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ चालविला. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस येथील सार्वजनिक मैदानाच्या वापरावरून कृष्णवर्णीय पत्रकारांनी दबाव आणला, तेव्हा केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांना तेथील ‘रॅम्स’ संघात प्रवेश मिळाला.

निष्कर्ष :
समाज काळाबरोबर आपोआप उदार होत जातो, या समजुतीला पोलार्ड यांची कारकीर्द छेद देते. १९२१ मध्ये जे घडले, ते पुन्हा घडण्यास १९८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी आर्ट शेल मुख्य प्रशिक्षक झाले. व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोलार्ड यांचा समावेश २००५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी झाला. वर्णबंदी ही लीगला जन्मतः लाभलेली नव्हती. ती पुढे स्वीकारली गेली. मिळविलेले हक्क लेखी नियमाविनाही हिरावले जाऊ शकतात, हाच या इतिहासाचा बोध होय.