हौशी छायाचित्रकार: सोसायटीपासून वाचनालयापर्यंत

मुंबईत छायाचित्रणाला संस्थेचे रूप दिले ते हौशी मंडळींनी. 1854 मध्ये स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही भारतातील या प्रकारची पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था 1856 च्या. मुंबईच्या सोसायटीच्या सभासदांत लष्करी अधिकारी, सरकारी नोकर आणि डॉक्टर असत. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते. आपली चित्रे इतरांपुढे मांडणे हा या हौसेचा पहिल्यापासूनचा भाग होता. 1855 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामांकित व्यावसायिक झाले. 1856 ते 1858 या काळात विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी मूळ छायाचित्रे चिकटवलेला संग्रह अंकांच्या रूपात काढला. त्याच्या नावात ‘हौशी’ असले तरी दोघेही फोटोचा धंदा करत. हौस आणि पोट यांची सीमारेषा तेव्हाही पुसटच होती.

ही हौस महाग आणि कष्टाची होती. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. गावाबाहेर जायचे तर अंधाराचा तंबू, रसायने, पाणी आणि ते वाहणारे हमालही सोबत हवेत. 1871 मध्ये मॅडॉक्स यांनी कोरड्या काचेची रीत मांडली, 1888 मध्ये कोडॅकचा रोल भरलेला कॅमेरा आला, आणि हमालांची गरज संपली.

मराठी मध्यमवर्गाच्या हाती कॅमेरा सर्रास आला तो मात्र स्वातंत्र्यानंतर. आयातीवर बंधने असताना बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आगफा क्लिक थ्री घरोघरी पोहोचला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही देशी फिल्मही मिळू लागली. क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बाराच फोटो निघत, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी हात थबके. नोकरी सांभाळून रात्री न्हाणीघरात लाल दिवा लावून प्रिंट काढणारे याच पिढीतले. त्यांची मोठी आकांक्षा म्हणजे सलोन, म्हणजेच परीक्षकांनी निवडलेल्या चित्रांचे प्रदर्शन. 1953 मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाली. सलोनमध्ये प्रकाश आणि रचना पाहिली जाई. चित्र कुठले, कोणत्या साली घेतलेले, हे फारसे कोणी विचारत नसे. शीर्षकही ‘सांजवेळ’ किंवा ‘परतीची वाट’ असे.

अशी चित्रे गावच्या वाचनालयात मांडली की तिथला प्रेक्षक नेमके तेच विचारतो. ठाणे जिल्ह्यात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे: कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 मध्ये झाला आणि लहान गावांतील वाचनालयांनाही अनुदानाचा आधार मिळाला. हौशी छायाचित्रकार प्रदर्शनासाठी वाचनालयाकडे वळतो याची कारणे साधी आहेत. निवृत्त माणसाकडे वेळ असतो आणि नोकरीच्या काळात साठलेल्या निगेटिव्ह असतात. त्या आता स्कॅन करून मोठ्या छापता येतात. कलादालनाचे भाडे परवडत नाही, आणि वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस आयताच प्रेक्षक होतो.

काल्हेरसारख्या गावी अशा प्रदर्शनाचे मोल कलेपेक्षा नोंदीचे अधिक. भिवंडी तालुक्यातले हे गाव ठाणे-भिवंडी रस्त्यावर, ठाण्याकडून येताना कशेळी ओलांडली की लागते. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल साठवणे सोयीचे असल्याने काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. 2017 मध्ये मुंबईची जकात गेली, गोदामे राहिली. आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा मार्गही येथून जातो. एका पिढीत इतके बदललेल्या गावात खाडीकाठच्या जुन्या फोटोखाली ‘सांजवेळ’ लिहून भागत नाही. साल, फोटो कुठून कोणत्या दिशेला घेतला ते, आणि चित्रातल्या बांधाचे किंवा घराचे स्थानिक नाव एवढे तरी हवे. ही माहिती छायाचित्रकाराच्या हयातीतच लिहून घ्यावी लागते, कारण निगेटिव्हच्या पाकिटावर बहुधा फक्त रोल क्रमांक असतो.