बॉस नावाचा असुर

व्हिडिओ-खेळांतील राक्षस हा वसंत व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही वडीलधाऱ्या श्रोत्यांना पडला असेल. तो पडणे साहजिक आहे. ज्याचा जन्म कामगार चळवळीत गेला त्याने किमान वेतनाविषयी बोलावे, कंत्राटी पद्धतीविषयी बोलावे. पोराटोरांच्या खेळांतील भुतांशी त्याला काय कर्तव्य? पण ह्या खेळांत शेवटी आडव्या येणाऱ्या दांडग्या राक्षसाला सारे जग ‘बॉस’ म्हणते, आणि बॉस हा शब्द ऐकला की आमच्यासारख्याचे कान टवकारतातच.

शब्द मूळचा डच. ‘बास’ म्हणजे धनी. न्यूयॉर्कच्या परिसरात डचांची वसाहत होती, तेथून तो इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील गोऱ्या मजुरांच्या तोंडी बसला. त्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘मास्टर’ हा शब्द गुलामांच्या धन्याचा. मजुराला वाटे, आपण रोजावर राबतो, पण कोणाच्या मालकीचे नाही. तेव्हा आपल्या धन्याला ते नाव नको. म्हणून परका शब्द उचलला. धनी होता तेथेच राहिला, त्याची पाटी तेवढी बदलली. पुढे जपानी खेळकर्त्यांनी हाच शब्द जसाच्या तसा घेतला आणि आज बोरीवलीच्या चाळीतला पोरगा ‘लास्ट बॉस मारला’ म्हणून आईला सांगत येतो.

आता ह्या बॉसचे वैशिष्ट्य काय? अंगात बळ असणे हे नव्हे, ते सगळ्याच राक्षसांना असते. त्याच्या वाराला ठेका असतो. तो आधी खांदा मागे घेतो, मग झेपावतो. तीनदा झेपावला की क्षणभर दम खातो. कुस्तीच्या आखाड्यात ज्याला आपण पवित्रा, डाव आणि हूल म्हणतो, ते सारे ह्यात आले. खेळणाऱ्याने पहिल्या दहा वेळा मार खायचा आणि मार खाता खाता ठेका ओळखायचा. अकराव्या वेळी त्याच राक्षसाचा मोकळा क्षण त्याला दिसू लागतो. राक्षस तोच असतो आणि हातातले शस्त्रही तेच असते.

ही कल्पना संगणकाबरोबर जन्मली असे कोणी समजू नये. आपल्याकडचा एकेक असुर घ्या. भस्मासुराचा वार एकच, डोक्यावर हात ठेवण्याचा. मोहिनीने त्याच्याशी झुंज घेतलीच नाही. नाचता नाचता त्याचाच हात त्याच्याच डोक्यावर नेला. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भुईला लागला की नवा रक्तबीज उभा राही, म्हणजे जेवढे जोरात मारावे तेवढी फौज वाढे. कालीने थेंब भुईवर पडूच दिला नाही. देवीमाहात्म्यातला महिषासुर तर टप्प्याटप्प्याने रूप पालटतो: रेडा, मग सिंह, मग खड्गधारी पुरुष, मग हत्ती, आणि पुन्हा रेडा. त्या शेवटच्या रेड्याच्या मुखातून तो अर्धा बाहेर आला असतानाच देवीने त्याला गाठले. रूप बदलण्याच्या सांध्यावर वार करावा, ही गोष्ट आजचा कोणताही खेळकरी मुलगा तुम्हांला उलगडून सांगेल.

बोरीवलीहून गाडी पकडून अपोलो बंदर गाठावे आणि लाँचने घारापुरीस जावे. तेथे सहाव्या शतकाच्या सुमाराचे अंधकासुरवधाचे शिल्प आहे. अंधकाचेही रक्ताचे गणित रक्तबीजासारखेच. शिल्पातल्या शिवाने एका हातात वाडगे धरले आहे, सांडणारे रक्त झेलण्यासाठी. पाथरवटाने शिवाचा क्रोध तर कोरलाच, पण त्या राक्षसाला मारण्याची युक्तीही कोरून ठेवली. आम्हांला त्या वाडग्याचे कौतुक त्रिशूळाहून अधिक वाटते.

आणि कोकणातून येऊन ह्या उपनगरांत वसलेल्या मंडळींना दशावतारातला संकासुर काय सांगावा! वेद पळवणारा, काळ्या वेषातला, विनोद करणारा असुर. दशावतारी नटाजवळ लिहिलेली संहिता नसते. मृदंग-झांजेच्या ठेक्यावर युद्ध चालते, आणि समोरच्याचे पाऊल कोणत्या मात्रेवर पडणार हे ओळखूनच दुसऱ्याने आपले पाऊल टाकायचे असते.

परंतु आज ज्या खेळांविषयी बोलायचे ते ‘गॉथिक’ वळणाचे. पडका किल्ला, पौर्णिमेचा चंद्र, घराण्याला लागलेला शाप, तळघरातली शवपेटी असा त्यांचा थाट. ह्या प्रकाराची पहिली कादंबरी होरेस वॉल्पोल ह्या इंग्रज सरदारपुत्राने १७६४ साली लिहिली. मराठीत ज्यांनी नारायण धारप वाचले आहेत त्यांना निराळे वर्णन नको. ह्या साहित्याचा मुकुटमणी म्हणजे ब्रॅम स्टोकरची १८९७ ची ‘ड्रॅक्युला’. तिच्या तीस वर्षे आधी, १८६७ साली, कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथात भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली होती: मेलेले श्रम जिवंत श्रमांवर जगतात. स्टोकरने मार्क्स वाचला होता असा आमचा दावा नाही. पण त्याचा ड्रॅक्युला कोण आहे ते पाहा. तो जमीनदार आहे, त्याच्या किल्ल्यात धूळ खात पडलेल्या सोन्याच्या मोहरांचा ढीग आहे, आणि तो लंडनमध्ये वाडे खरेदी करतो आहे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कादंबरीत ड्रॅक्युला एकट्या वीराच्या हातून मरत नाही. पाच-सहा माणसे आपापल्या रोजनिशा, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे एकत्र आणतात. मीना नावाची स्त्री ते सारे टंकलिखित करून तारीखवार लावते. तिला आगगाडीची वेळापत्रके पाठ आहेत. तो रात्री काय करू शकतो, दिवसा काय करू शकत नाही, वाहते पाणी केव्हा ओलांडतो, ही त्याची रीत त्या कागदांतून उघडी पडते. मग एकाची कुकरी आणि दुसऱ्याचा सुरा काम तमाम करतात. हे काम मीनाच्या टाइपरायटरावर निम्मे झाले होते, असे आम्ही म्हणू. युनियनच्या कचेरीत बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

१९७५ साली अमेरिकेत ‘प्लेटो’ नावाच्या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर विद्यार्थ्यांनी एक भुयाराचा खेळ रचला. त्यात रत्नगोलाची राखण करणारा सोनेरी ड्रॅगन होता; बॉसचा पहिला अवतार म्हणून बहुधा त्याचेच नाव घेतात. अकरा वर्षांनी, सप्टेंबर १९८६ मध्ये, जपानच्या कोनामी कंपनीने ‘कॅसलव्हेनिया’ काढला. त्यात सायमन बेलमाँट हातात चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो. (आमच्या इतिहासात चाबूक मुकादमाच्या हाती असे, येथे तो उलट दिशेने चालतो, हे पाहून आम्हांला थोडे बरे वाटले.)

ह्या खेळातले बॉस म्हणजे अभ्यासक्रमच. पहिल्याने प्रचंड वटवाघूळ: छताला झोपलेले, जवळ जाताच उठते आणि सूर मारून खाली येते. मग मेड्युसाचे मस्तक, तरंगत साप सोडणारे. मग पट्ट्या फेकणाऱ्या दोन ममी. त्यानंतर फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि त्याच्या दिमतीला उड्या मारणारा इगोर. गंमत अशी की इगोरला कितीही मारा, तो मरत नाही, घटकाभर गप्प होतो. वेळ त्याच्यावर न दवडता धन्याला गाठावे लागते. ज्यांनी कधी मालकाच्या हस्तकाशी हुज्जत घालण्यात मोर्चाची दुपार घालवली आहे, त्यांनी हे टिपून ठेवावे. मग साक्षात मृत्यू, ज्याचे विळे हवेत आपोआप उगवून तुमच्याकडे सरकतात. आणि शेवटी ड्रॅक्युला. तो नाहीसा होतो, दुसरीकडे प्रकटतो, झगा उघडतो आणि आगीचे तीन गोळे फेकतो. तेवढ्या अवधीत गोळे चुकवून त्याच्या डोक्यावर चाबूक बसला पाहिजे. इतरत्र बसलेला फटका फुकट. तो पडला असे वाटते तोच दुसरे, श्वापदाचे रूप उठते.

पडद्यावर वर दोन पट्ट्या असतात, खेळणाऱ्याची आणि शत्रूची. दोन्ही सोळा-सोळा रेघांच्या. दिसायला मोठी समता! पण सायमन एकदा उडाला की हवेत वळू शकत नाही. उडी मारण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. म्हणून घाई करणारा मरतो.

हे ठेके इतके पक्के का? एक कारण साधे, यंत्राचे. त्या घरगुती यंत्रापाशी काम करण्यासाठी अवघी दोन किलोबाइट स्मृती होती. आजच्या मोबाइलवरचे एक छायाचित्र त्याच्या हजारपट जागा खाते. तेवढ्यात राक्षसाला फार बुद्धी देता येत नसे, दोन-तीन हालचाली आलटून पालटून द्याव्या लागत. दुसरे कारण धंद्याचे, ते पार्लरमधल्या यंत्रांचे. राक्षस फार सोपा असला तर एका टोकनावर पोरगा तासभर उभा राहतो. तो अन्यायाने मारतो असे वाटले तर पोरगा दुसऱ्या यंत्राकडे जातो. ‘चुकलो ते मीच, आणखी एक टोकन दे’ असे वाटायला लावणारा राक्षस सर्वांत फायद्याचा. चिकाटीतूनही नफा निघतो, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

आपल्याकडे १९८० चे दशक सरताना आणि पुढे नव्वदीत उपनगरांत पार्लरे आली, आणि घरांत ‘मीडिया’, ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची जपानी यंत्राची नक्कलयंत्रे. त्यांच्या कॅसेटीवर लाखो खेळ असल्याचे छापलेले असे आणि आत तेच पाच-दहा पुन्हा पुन्हा. कोनामीचाच ‘कॉन्ट्रा’ त्यांत सर्वांचा लाडका. पार्लरमध्ये एकजण खेळे आणि सहाजण मागे उभे राहत. ‘आता तो उडी मारणार, खाली बस’ हे मागचे सांगत. ज्याच्या खिशात टोकन नसे त्यालाही राक्षसाची रीत तोंडपाठ असे. गिरण्या बंद पडल्यानंतरच्या त्या वर्षांत पोरे तेथे वाया जातात अशी हाकाटी होती, आणि काही गेलीही. पण एकाचा मार सहाजणांचे शिक्षण होई, हे कोणी नोंदले नाही.

ही रीत संपलेली नाही. २०१५ साली हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ब्लडबॉर्न’ आला. नगर व्हिक्टोरियन काळासारखे, धुक्याने आणि आजाराने ग्रासलेले. त्यात फादर गॅस्कॉइन नावाचा शिकारी स्मशानात कुऱ्हाड घेऊन आडवा येतो. आधी माणूस, शेवटी श्वापद, महिषासुराच्या उलट्या क्रमाने. त्याच्या लहान मुलीकडून मिळालेली संगीताची पेटी वाजवली की तो डोके धरून थबकतो. ह्या खेळात अनोळखी खेळाडू एकमेकांसाठी जमिनीवर चिठ्ठ्या सोडतात, आणि घंटा वाजवून मदतीला बोलावता येते. स्टोकरची मंडळी शतकाने पुन्हा भेटली म्हणायची.

येथे आम्ही एक इशारा देऊ इच्छितो. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना ही उपमा फार आवडते. मालकाचाही ठेका असतो, हे खरेच. एका कारखान्यात आम्ही तो तीनदा पाहिला: आधी फाटकावर नोटीस, मग दोघा पुढाऱ्यांचे निलंबन, मग रातोरात एक नवी युनियन. तिसऱ्या वेळी कामगारांनी नोटीस लागताच पुढची पायरी ओळखली आणि निलंबनाची वाट न पाहता वर्गणी गोळा केली. पण खेळातला राक्षस हरण्यासाठीच घडवलेला असतो. त्याच्या कातडीत मोकळी जागा कर्त्याने जाणूनबुजून ठेवलेली असते. खऱ्या मालकावर असे कोणतेही बंधन नाही. तो मधेच नियम बदलतो, किंवा कारखानाच दुसऱ्या राज्यात नेतो, आणि पडद्यावर पट्टी दिसत नाही.

तेव्हा ती मोकळी जागा कोणी ठेवली, हे विचारणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते. कॅसलव्हेनियाच्या शेवटी नामावली येते, तीत सगळी खोटी नावे आहेत, जुन्या भयपटांशी निगडित मंडळींच्या नावांची विडंबने. संगीत कोणाचे? ‘जेम्स बनाना’ यांचे! प्रत्यक्षात ते किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा ह्या दोघींचे. यामाशिता तेव्हा कोनामीत नुकत्याच लागल्या होत्या. त्या काळी जपानी कंपन्या खरी नावे छापू देत नसत, प्रतिस्पर्धी कारागीर पळवतील म्हणून. अमेरिकेत अटारीचेही तेच होते. तेथील वॉरेन रॉबिनेट ह्या कारागिराने १९७९ च्या सुमारास आपले नाव खेळातल्या एका गुप्त खोलीत लपवून ठेवले, आणि त्याच वर्षी चार कारागिरांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन काढली. पाथरवटांनी लेण्यांत आपल्या खुणा कोठे ठेवल्या असतील, असा विचार त्यामुळे मनात येतो.

आपल्या मुलखातली गोष्ट सांगायची तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या छोट्या मंडळीने ‘राजी’ हा खेळ केला. सर्कशीतली मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, दुर्गा आणि विष्णू ह्यांच्या संवादातून उलगडणारी कथा, आणि अखेरीस महाबलासुर. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो पुरा पडला नाही. संस्थापकांपैकी एकाने घर विकले. खेळ २०२० साली बाहेर पडला. येथे निदान नावे खरी आहेत.

मोठ्या कंपन्यांचे चित्र निराळे. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त आरशातून निघालेली स्वतःचीच छाया तलवार घेऊन आडवी येते, तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो, आणि तलवार म्यान केली तरच वाट मिळते. त्या मालिकेतल्या एका गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती उबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई शाखांकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली. मे २०२२ मध्ये मुख्य काम काढून मॉन्ट्रियलकडे दिल्याचे जाहीर झाले.

त्याच महिन्यात, २३ मे २०२२ रोजी, अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये रेव्हन सॉफ्टवेअरच्या परीक्षकांनी युनियनसाठी मतदान केले. परीक्षक म्हणजे जो एकच लढत दिवसभर पुन्हा पुन्हा खेळतो, शत्रू भिंतीत अडकतो काय, त्याचा ठेका कोठे तुटतो काय हे पाहतो, आणि टिपून वर पाठवतो. रेव्हन ही ॲक्टिव्हिजनच्या मालकीची होती, त्या चौघांनी काढलेल्या कंपनीच्या. एकोणीस मते बाजूने पडली, तीन विरुद्ध.