पोर्श ९११ : चाके व टायर यांची निवड

जर्मनीतील श्टुटगार्टच्या पोर्श कंपनीची ९११ ही स्पोर्ट्‌स कार १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकांवर पडतो. चाके व टायर निवडताना हीच गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्यावी लागते.

सुरुवातीच्या ९११ ला चारही टायर एकाच मापाचे होते. भर वेगातल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की भार पुढे सरके आणि मागचा जड भाग बाहेर फेकला जाई. १९७२ साली सादर झालेल्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये पुढे १८५ आणि मागे २१५ मिमी रुंदीचे टायर आले. मागे रुंद टायर देण्याची ही रीत आजतागायत चालू आहे. ९९२ पिढीतील कॅरेरा एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१ या मापाचे टायर असतात. मागच्या टायरची रुंदी ३०५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३० टक्के म्हणजे साधारण ९१ मिमी आणि रिमचा व्यास २१ इंच, असा या आकड्यांचा अर्थ. चारही टायर सारखे करणे किंवा फक्त पुढचे रुंद करणे म्हणजे गाडीचा जाणूनबुजून साधलेला तोल मोडणे होय.

वेगाचे अक्षरही पाहावे. व्ही अक्षराचा टायर ताशी २४० किमीपर्यंत, वाय अक्षराचा ३०० किमीपर्यंत चालतो. ३०० ओलांडणाऱ्या गाडीला कंसातील वाय असलेलाच टायर लागतो.

रिमच्या बाबतीत वजन महत्त्वाचे. चाक स्प्रिंगांच्या खाली असते. ते जितके हलके, तितका टायर खडबडीत रस्त्याला चिकटून राहतो. म्हणूनच १९६६ मध्ये ९११ एससाठी ओटो फुक्स कंपनीने घडीव अ‍ॅल्युमिनियमची चाके बनवली. ती आजही देखणी वाटतात, पण त्यांचे खरे मोल हलकेपणात आहे. केवळ दिखाव्यासाठी घेतलेले मोठ्या व्यासाचे ओतीव चाक हा लाभ घालवते. बाजारातली चाके घेताना पाच बोल्टांचे वर्तुळ १३० मिमी, मधले भोक ७१.६ मिमी आणि ऑफसेट मूळ चाकाइतका असल्याची खात्री करावी. जीटी३ सारख्या आवृत्त्यांत चाक मधल्या एकाच नटाने बसते. त्यांचे हब वेगळे.

पोर्शने तपासून मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ अक्षर व पुढे ०, १, २ असा आकडा असतो. आकडा त्या टायरच्या रचनेतील पुढची सुधारणा दाखवतो. चारही टायरवर कंपनी, नमुना आणि हा आकडा सारखा हवा. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या कॅरेरा ४ मध्ये तर पुढच्या-मागच्या परिघांचे ठरलेले प्रमाण बिघडले की यंत्रणेवर ताण येतो.

मुंबई-पुण्यात उन्हाळी टायर वर्षभर चालतात. त्यांचे रबर कडक होण्याइतकी, म्हणजे ७ अंशांखालची थंडी मुंबईत पडतच नाही. खरी अडचण पावसाची. शर्यतपट्टीसाठीच्या मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ सारख्या टायरची नक्षी उथळ असते आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो. खड्ड्यात बुटकी भिंत चिमटली की टायरला फुगा येतो, रिमही वाकते. रोजच्या वापराला खोल नक्षीचा रस्त्यावरचा टायर आणि कंपनीने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांपैकी सर्वांत लहान व्यासाचे चाक घ्यावे.