जुन्या गलबताची पारख

1901 सालच्या मार्च महिन्यात उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो बंदरात एका जुन्या मासेमारी गलबताचा सौदा झाला. गलबताचे नाव 'योआ'. विकणारा हान्स क्रिश्चियन योहानेसन हा उत्तर समुद्रांत मुरलेला कप्तान होता, आणि घेणारा रोआल्ड आमुंडसेन हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण. योगायोग असा की, गलबतही त्याच्याच जन्मसाली, 1872 मध्ये, रोझेन्डाल येथे बांधले गेले होते. माणसाचे हे ऐन उमेदीचे वय. मासेमारीच्या लाकडी गलबताचे मात्र उतारवयच म्हणावयाचे. आणि या गलबतातून आमुंडसेनला अमेरिका खंडाच्या माथ्यावरील गोठलेल्या सामुद्रधुन्यांतून अटलांटिकहून पॅसिफिक महासागरात जावयाचे होते. हे तोवर एकाही जहाजाला साधलेले नव्हते.

जुने लाकडी गलबत पारखणे हे काम कोणत्याही किनाऱ्यावर सारखेच. नव्या रंगाला भुलणारा हमखास फसतो. कारण रंगाचा हात पुष्कळदा फळीचे दुखणे झाकण्यासाठीच फिरविलेला असतो. जाणता माणूस गलबत वाळूवर ओढावयास लावतो आणि प्रथम दूर उभा राहून तळाचा कणा, ज्याला आपले दर्यावर्दी पठाण म्हणतात, तो सरळ आहे की मध्येच उचलला गेला आहे हे नजरेने ताडतो. मग सुरीचे टोक फळीत खुपसून पाहतो. लाकूड कुजते ते बहुधा खाऱ्या पाण्याने नव्हे, तर पावसाच्या गोड्या पाण्याने. म्हणून तक्तपोशीच्या खाली, जेथे वारा पोहोचत नाही आणि पाणी साचते, अशा कोपऱ्यांत तो वाकून शिरतो. गंजलेल्या खिळ्यांभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ झाले असेल, तर वरून धडधाकट दिसणाऱ्या फळ्याही लाटांच्या माऱ्यात सुटतात. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो गलबताच्या पूर्वायुष्याचा.

'योआ'चे पूर्वायुष्य कष्टाचे होते. प्रारंभी हेरिंग मासळी पकडण्यात तिची वर्षे गेली. 1885 मध्ये ती किनाऱ्याच्या खडकावर चढली, आणि त्यानंतर योहानेसनने ती घेऊन दुरुस्त केली व बर्फाळ समुद्रातील शिकारीस लावली. एकदा खडकावर चढलेले गलबत म्हणताच पुष्कळ गिऱ्हाइके पाठ फिरवतील. परंतु खडकावरून उतरूनही जे पुढे पंधरा वर्षे बर्फात राबले, त्याच्या सांगाड्याबद्दल तीच मोठी साक्ष नव्हे काय?

आमुंडसेन तरीही साक्षीवर विसंबला नाही. त्या उन्हाळ्यात तो गलबत घेऊन उत्तरेच्या समुद्रात सुमारे पाच महिने हिंडला. सीलची शिकार करून त्याने थोडा खर्च भागविला, नान्सेनसाठी समुद्राची शास्त्रीय निरीक्षणे घेतली. आणि या साऱ्यात गलबताचे गुण आणि उणिवा दोन्ही त्याच्या ध्यानात आल्या. वडिलार्जित पैसा हाती होता तो यातच संपत चालला होता. पुढे त्याने तिच्या बाहेरून तीन इंच जाडीच्या ओक लाकडाचे आवरण घातले, लोखंडी पट्ट्यांनी तिला आवळले, आणि तेरा अश्वशक्तीचे पॅराफिनवर चालणारे यंत्र बसविले.

इतके लहान गलबत कशाला, असा प्रश्न साहजिक होता. 'योआ' होती अवघी सत्तर फूट लांब आणि सुमारे सत्तेचाळीस टनांची. सर जॉन फ्रँकलिन 1845 मध्ये याच मार्गाच्या शोधात निघाला, तेव्हा त्याची 'एरेबस' व 'टेरर' ही जहाजे प्रत्येकी तीनशे टनांहून मोठी होती. तीही जुनीच, पण युद्धासाठी बांधलेली व भक्कम होती. किंग विल्यम बेटाच्या पश्चिमेस बर्फाने ती अडकवून ठेवली आणि 129 माणसांपैकी एकही परतला नाही. आमुंडसेनने त्या बेटाच्या पूर्वेची उथळ वाट निवडली. तेथे मोठ्या जहाजाचा तळ लागला असता, आणि मोठ्या जहाजावरील माणसांना पोसणार कोण? त्याच्याबरोबर फक्त सहा जण होते.

16 जून 1903 च्या मध्यरात्री, सावकार जप्ती आणतील या भीतीने, 'योआ' गुपचूप निघाली. ऑगस्टच्या अखेरीस मॅटी बेटाजवळ तिच्या यंत्रघरात आग लागली. ती कशीबशी विझविली, तोच सप्टेंबरच्या आरंभी वादळाने गलबताला प्रवाळासारख्या धारदार खडकांवर आपटले. तळाच्या रक्षक लाकडाच्या ढलप्या पाण्यावर तरंगू लागल्या. तक्तपोशीवरील माल समुद्रात लोटला गेला. सुकाणू उसळून जागेवरून निघाले आणि, दैव म्हणावे की काय, पुन्हा आपल्याच खोबणीत बसले. सारी शिडे उभारून गलबत खडकावरून अक्षरशः घासत पार झाले. कणा शाबूत राहिला.

पुढे किंग विल्यम बेटावरील एका सुरक्षित खाडीत त्यांनी दोन हिवाळे काढले. तेथील वस्तीस आजही 'योआ'चेच नाव आहे. 31 ऑगस्ट 1906 रोजी गलबत अलास्कातील नोम बंदरात पोहोचले. सात जणांपैकी गुस्ताव्ह विक हा तरुण त्याच वर्षी वाटेत आजाराने दगावला होता.

1909 मध्ये 'योआ' सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात जमिनीवर उभी करण्यात आली. बर्फाने आणि खडकाने जे केले नव्हते ते तेथे उघड्यावरच्या पावसाने व दुर्लक्षाने केले. लाकूड इतके कुजले की 1949 पर्यंत तिची मोठी डागडुजी करावी लागली. 1972 मध्ये, बांधणीच्या शंभराव्या वर्षी, तिला दुसऱ्या जहाजावर चढवून नॉर्वेला परत नेण्यात आले. आता ती ऑस्लो येथील संग्रहालयात, छपराखाली आहे.