आपला की परका?

रडारच्या शोधाची कथा सांगताना आपण बहुधा केवळ पाहण्याची कथा सांगतो. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी विमानावर आपटून परतणाऱ्या रेडिओलहरी टिपून दाखविल्या, आणि पुढे काही वर्षांतच ढगांआडचे व काळोखातले विमान माणसाला दिसू लागले. परंतु दिसणे निराळे व ओळखणे निराळे. पडद्यावरील ठिपक्याला ना रंग, ना निशाण. तो आपला की परका, हा प्रश्न रडारच्या जन्माबरोबरच जन्मास आला.

त्याचे मोल लवकरच कळून आले. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन युद्धात उतरून तीनच दिवस झाले असता, टेम्स नदीच्या मुखाजवळ ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी शत्रू समजून आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली. एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर येथे नेमकी उलट चूक झाली. ओपाना येथील रडारवर जपानी विमानांचा मोठा थवा स्पष्ट दिसला होता. तथापि ती अमेरिकेहून यावयाची आपलीच बॉम्बर विमाने असावीत असे समजून कोणी हालचाल केली नाही. सुमारे पाऊण तासाने बॉम्ब पडू लागले.

यावर जो उपाय निघाला तो आपल्या गडकोटांवरील पहारेकऱ्यांना नवा वाटला नसता. तो म्हणजे परवलीचा शब्द. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो व विमानातील यंत्र आपोआप सांकेतिक उत्तर देते. उत्तर बरोबर आले म्हणजे विमान आपले. परंतु उत्तर आले नाही म्हणजे ते शत्रूचेच, असे मात्र म्हणता येत नाही. यंत्र बिघडलेले असेल, बंद असेल, अथवा संकेत जुळत नसेल. मौनाचा अर्थ लावणे सर्वांत कठीण.

म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटेने गेले. दुरून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसे विमान त्याच्या प्रतिध्वनीवरून ओळखता येईल काय? जेट विमान समोरून येत असता रडारच्या लहरी एंजिनाच्या तोंडात शिरतात, फिरत्या पात्यांवर आदळतात, आणि त्या पात्यांच्या संख्येची व गतीची छाप घेऊन परततात. हेलिकॉप्टरच्या पंख्याची छाप तर आणखी निराळी. मात्र विमानाने कूस वळविली की एंजिनाचे तोंड झाकले जाते व खूण पुसट होते. शिवाय आपल्या मिग-२९ मधील आर.डी.-३३ आणि पाकिस्तानच्या जे.एफ.-१७ मधील आर.डी.-९३ ही एंजिने एकाच कुळातील आहेत. छापेवरून कूळ कळते. निष्ठा कळत नाही.

भारतात या विद्येचे माहेर म्हणजे बंगळूर. १९५४ साली येथे भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली, व १९५८ साली संरक्षण खात्याची रडार-प्रयोगशाळा उभी राहिली. जमिनीलगत उडणारी विमाने हेरणारे 'इंद्र' रडार हे तिचेच अपत्य. येथील दुसऱ्या एका संस्थेने अ‍ॅव्हरो विमानाच्या पाठीवर रडारची तबकडी बसविली. ते विमान ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ कोसळून शास्त्रज्ञ व वायुसैनिक मिळून आठजण मृत्यू पावले. त्या संस्थेनेच पुढे सिद्ध केलेले 'नेत्र' विमान २०१७ साली वायुसेनेकडे सोपविण्यात आले. त्याच्या पाठीवर रडार आहेच. परंतु परवलीचा प्रश्न विचारणारे यंत्रही आहे. नुसत्या नेत्राने भागत नाही, हे त्याच्या निर्मात्यांनी जाणले होते.

तरीही २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मिरात बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एम.आय.-१७ हेलिकॉप्टर पाडले. आतील सहा वायुसैनिक व जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ही आपलीच चूक होती, असे वायुसेनाप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहीरपणे सांगितले.

टेम्सच्या मुखापासून बडगामपर्यंत ऐंशी वर्षे लोटली. या काळात यंत्राची दृष्टी कितीतरी पटींनी तीक्ष्ण झाली, पण उत्तर न देणाऱ्या ठिपक्यापुढे बसलेल्या अधिकाऱ्याची अडचण तीच राहिली. हाती काही क्षण, आणि दोन्ही बाजूंच्या चुकीस मरणाची किंमत. रडारच्या इतिहासात शोधकांची नावे आहेत. त्यात या क्षणांचाही हिशेब असावयास हवा, कारण पुढचे प्रत्येक यंत्र त्यांनाच उत्तर देण्यासाठी बनविले जाते.