हंपीच्या कमानी, हंपीचे खांब

आमच्या उर्दू शाळेची सहल घेऊन मी हंपीला गेलो होतो. विठ्ठल मंदिराच्या अंगणातला दगडी रथ पाहताना मुलांना पंढरपूरची आठवण करून दिली. संत भानुदासांनी विठ्ठलाची मूर्ती इथूनच परत नेली, अशी वारकरी परंपरा आहे. तेवढ्यात एका मुलाने हळूच विचारले, "सर, हे शहर आपल्या लोकांनी पाडलं का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. दुपारी त्याला कमल महालासमोर उभे केले. खाली महिरपी कमानी, वर मंदिराच्या शिखरासारखे निमुळते होत गेलेले छप्पर. जवळच हत्तीखाना आहे. त्यात ओळीने 11 दालने आणि त्यांवर घुमट. कमान आणि घुमट ही दख्खनच्या सुलतानांच्या इमारतींची रीत. विजयनगरच्या राजांनी ती आपल्या दरबारी वास्तूंसाठी उचलली. देवळे मात्र खांब आणि तुळयांच्या द्राविड पद्धतीनेच बांधली. हे राजे 'हिंदुराय सुरत्राण' अशी बिरुदावली लावत. सुरत्राण म्हणजे सुलतान!

याच शहरात अहमद खान याने 1439 साली दुसऱ्या देवरायाला पुण्य लाभावे म्हणून मशीद बांधली. कानडी शिलालेखात तिला 'धर्मसाले', म्हणजे धर्मशाळा, म्हटले आहे. तिला ना घुमट, ना मिनार. देवळाच्या मंडपासारखी ती साधी खांबांची इमारत आहे.

मग त्या मुलाला म्हणालो, "हो बेटा. 1565 च्या लढाईत रामराया मारला गेला आणि सुलतानांच्या फौजांनी हे शहर लुटलं, उद्ध्वस्त केलं. ते लपवायचं नाही. पण त्या लढाईत रामरायाच्या बाजूनेही मुसलमान लढले होते. मग 'आपले' कोण? लुटणारे, लढणारे, की अहमद खान?"

तो काही बोलला नाही. मीही जास्त ताणले नाही. वर्गात आम्ही शिक्षक अनेकदा असा प्रश्न टाळतो. मूल मग त्याचे उत्तर बाहेरून, रागात भिजलेले घेऊन येते.

परतताना बसमध्ये त्याने वही दाखवली. दोन चित्रे काढली होती, एक कमानींचे, एक खांबांचे. खाली नावे लिहिली नसती, तर महालाला मशीद आणि मशिदीला देऊळ समजून कुणीही फसला असता.