नागपूरचे मंडळी-ऐक्य, १९७०

२९ नोव्हेंबर १९७० रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. त्यांत अँग्लिकन होते, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होती, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्टही होते.

हे भेद या मातीतले नव्हते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. अँग्लिकन बिशपचे पीठ येथे १९०३ साली स्थापन झाले. निरनिराळ्या मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. त्यामुळे अहमदनगरकडचा ख्रिस्ती अमेरिकन मिशनचा, तर नागपूरचा बहुधा स्कॉटिश मिशनचा. माणूस कोणत्या मंडळीचा, हे बहुतेक वेळा त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या गावावरून ठरे. नोकरीसाठी गाव सुटले की याची झळ लागे. बिशपच्या हातून दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची पुष्टी, न झालेल्याला अँग्लिकन नियमाप्रमाणे प्रभुभोजन मिळत नसे. एकाच प्रभूचे नाव घेणारे, एकच मराठी बायबल वाचणारे शेजारी एका मेजाशी बसू शकत नव्हते. जातीची पंगत मोडू पाहणाऱ्या धर्मात ही दुसरी पंगतच उभी राहिली होती.

ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली आणि चाळीस वर्षे चालली. खरी गाठ पाळकांच्या दीक्षेची होती. अँग्लिकनांच्या मते दीक्षा बिशपनेच द्यावी. इतरांचे पाळक बिशपाविना नेमलेले. त्यांना पुन्हा दीक्षा द्यायची म्हणजे त्यांची आजवरची सेवा खोटी ठरवण्यासारखे होते. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने जुन्या पाळकांना तसेच स्वीकारले होते. उत्तरेने निराळी वाट धरली: बिशप आणि पाळक, सगळ्यांवरच सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी हात ठेवायचे. प्रार्थनेत ज्याला ज्याची उणीव असेल ते देवाने त्याला द्यावे, एवढेच मागितले होते. कोणात काय उणे, हे माणसांनी ठरवायचे नव्हते. बिशपानेही इतरांबरोबर मस्तक नमवावे, ही या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

बाप्तिस्म्याचा पेचही असाच सोडवला गेला. बॅप्टिस्ट परंपरेत समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा. इतरांत तान्ह्या मुलांनाही. नव्या मंडळीने दोन्ही रीती मान्य केल्या. बालकाचा बाप्तिस्मा करणे एखाद्या पाळकाच्या सदसद्विवेकाला पटत नसेल, तर त्याच्यावर सक्ती न करता दुसऱ्या पाळकाला बोलावण्याची सोय ठेवली.

सगळे मात्र आले नाहीत. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी, १९७० च्या ऑगस्टमध्ये, मागे फिरली आणि पुढे १९८१ मध्ये ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वतंत्र उभी राहिली. आलेल्यांपैकी गुजरातमधील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली निकाल लागला तो विलीनीकरणाच्या विरोधात: नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता नुसत्या ठरावाने नव्या मंडळीकडे जात नाही, असे न्यायालयाने ठरवले.